सर्दी, घसा आणि मुलांची किडनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू होऊन पावसाळा लागला की हे प्रश्न येऊ लागतात. थंडीत पुन्हा एकदा. बहुतेक प्रश्न नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रोटीन जाऊन अंगावर सूज येण्याचा किडनीचा आजार) असलेल्या मुलांच्या आई-वडिलांचे असतात. काही असतात घसा दुखून गेल्यावर मुलाची लघवी लाल झाली म्हणून घाबरलेल्यांचे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाच्या फायलीत डॉक्टरांनी वेगळं काही लिहून दिलं असेल, तर तेच धरून चाला.

१. सर्दी-खोकल्यामुळे मुलाची किडनी खराब होते का?

साध्या सर्दीने नाही. बालवाडीच्या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे आणि बहुतेक मुलांच्या किडनीला त्याने काही होत नाही. या पानावरच्या आजारांत जंतू नाकातून निघून किडनीत जाऊन बसत नाहीत. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा काही थोड्या मुलांमध्ये किडनीच्या गाळणीला त्रास देते, एवढाच संबंध आहे. ‘गार पाणी दिलंस, पावसात भिजू दिलंस, म्हणून झालं’ असं घरच्यांकडून ऐकून घेणाऱ्या आया भेटतात. त्यांचा यात काही दोष नसतो.

२. आधी सर्दी, मग सूज किंवा लाल लघवी. नेमका कोणता आजार, हे कसं कळतं?

दोहोंमध्ये किती दिवस गेले, हे आधी आठवा. डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात.

सर्दी चालू असतानाच, एक-दोन दिवसांत लघवी लाल झाली, तर आयजीए नेफ्रोपॅथीचा, म्हणजे किडनीच्या गाळणीत आयजीए ही अँटिबॉडी साठण्याच्या आजाराचा विचार होतो (प्र. १२). घसा दुखून बरा झाला आणि त्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी लघवी गडद झाली, चेहरा सुजला, तर स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतरचा नेफ्रायटिस, म्हणजे किडनीच्या गाळणीचा दाह (प्र. ११). लघवीचा रंग बदललेला नाही, पण ती फेसाळ आहे, डोळे सकाळी सुजलेले आणि दिवसेंदिवस सूज वाढते आहे, तर नेफ्रोटिक सिंड्रोम (प्र. ३). पायांवर लालसर-जांभळे ठिपके असतील, तर प्र. १३ वाचा.

निदान अर्थातच लघवी, रक्त आणि बीपी तपासूनच होतं. पण तारखा नीट सांगितल्या तर बऱ्याच अनावश्यक तपासण्या वाचतात.

३. नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणजे काय? आमच्याकडे तर डोळ्यांची सूज ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून दोन आठवडे चालली.

असं फार वेळा होतं. सकाळी पापण्या सुजलेल्या, दुपारपर्यंत उतरलेल्या आणि जोडीला नुकतीच झालेली सर्दी, म्हटल्यावर अ‍ॅलर्जीचं औषध आणि डोळ्यांत टाकायचे थेंब दिले जातात. मग पाय सुजतात, पोट फुगतं, करगोटा रुतू लागतो, चड्डीचं इलॅस्टिक वळ उठवतं, आणि तेव्हा कुणीतरी लघवी तपासायला सांगतं. पापण्या सुजलेल्या प्रत्येक मुलाची एकदा लघवी तपासावी, असं माझं ठाम मत आहे. तपासणी स्वस्त आहे आणि दहा मिनिटांत होते.

किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात. नेफ्रोटिकमध्ये त्यांची भोकं जणू सैल होतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून जाऊ लागतं. रक्तातलं प्रोटीन घटलं की अंगात पाणी साठतं. आजार साधारण एक ते दहा वर्षं वयात सुरू होतो, मुलग्यांत जास्त आढळतो आणि दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांमध्ये युरोपीय मुलांपेक्षा अधिक दिसतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांतही हा फरक नोंदला गेला आहे.

दिलासा देणारी बाब अशी की दहापैकी आठ-नऊ मुलांचं लघवीतून जाणारं प्रोटीन प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने थांबतं. त्रास देणारी बाब अशी की त्यातल्या बहुतेकांना आजार पुन्हा उलटतो. त्यालाच रिलॅप्स म्हणतात. औषधाला दाद देणाऱ्या मुलांची किडनी मात्र सहसा कायमची निकामी होत नाही.

४. रिलॅप्स नेहमी सर्दीनंतरच का येतो?

नेहमी नाही, पण निम्म्या किंवा त्याहून जास्त रिलॅप्सच्या आधी श्वसनमार्गाचं इन्फेक्शन झालेलं असतं, हे अनेक देशांतल्या नोंदींत सारखंच दिसतं. कोव्हिडच्या काळात शाळा बंद होत्या, मास्क होते, तेव्हा रिलॅप्स कमी झाल्याचं बऱ्याच केंद्रांनी नोंदवलं.

कारणाचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. १९७४ साली शालहूब या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की मूळ बिघाड प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींमध्ये असावा. त्यांच्या पुराव्यांतला एक मजेशीर होता: गोवर आल्यावर काही मुलांचा नेफ्रोटिक चक्क थांबत असे. गोवर या पेशींना दाबतो, सर्दी त्यांना जागं करते. (म्हणून कुणी मुलाला मुद्दाम गोवर होऊ देऊ नका, हा प्रश्नही आलेला आहे.) पुढे त्याच यंत्रणेतल्या बी-पेशी घटवणारं रिटुक्सिमॅब हे औषध उपयोगी पडतं असं दिसलं, म्हणजे त्या पेशींचाही हात आहे. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, आजार चालू असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी (प्रतिकारयंत्रणेने बनवलेली लढाऊ प्रोटीनं) सापडल्या. नेफ्रिन हा गाळणीचाच एक भाग आहे. म्हणजे सर्दीने डिवचलेली यंत्रणा कुठे वार करते, याचा निदान एक पत्ता मिळाला आहे.

५. मग प्रत्येक सर्दीला घाबरायचं का?

नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत (तिच्याबद्दल प्र. ८ मध्ये) वारंवार रिलॅप्स होणारीच मुलं घेतली होती. वर्षभरात सर्दी झालेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना सर्दीमुळे रिलॅप्स आला. म्हणजे आजार जोरात असलेल्या मुलांतसुद्धा निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षातल्या सर्द्यांतून सुखरूप निघाली. सर्दी झाली की घाबरण्याऐवजी लघवी तपासा.

६. घरी लघवी कशी तपासायची? सर्दीत किती वेळा?

सकाळची पहिली लघवी घ्या. प्रोटीन दाखवणारी तपासणीची पट्टी बुडवून लगेच काढा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतरच रंग जुळवा. जितके प्लस, तितकं प्रोटीन जास्त. उशिरा पाहिलेला रंग फसवतो. पट्ट्यांची बाटली घट्ट बंद ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी लवकर निकामी होते.

पट्ट्या परवडत नसतील तर जुनी पद्धतही चालते. काचेची परीक्षानळी दोन-तृतीयांश लघवीने भरा, फक्त वरचा भाग तापवा, गढूळपणा आला तर व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाका. गढूळपणा गेला तर ते क्षार होते, राहिला तर प्रोटीन. हे काम मोठ्यांनीच करायचं.

एरवी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पण सर्दी-ताप असताना आणि नंतरचे आठ-दहा दिवस रोज तपासा आणि वहीत तारखेसह लिहा. ‘सर्दी सुरू’, ‘ताप १०१’ असं शेजारी लिहून ठेवलं तर डॉक्टरांना ती वही रिपोर्टांच्या गठ्ठ्याहून उपयोगी पडते.

७. ताप असताना पट्टीवर दोन प्लस आलं. रिलॅप्स झाला का?

इतक्यात ठरवू नका. तापात निरोगी मुलांच्या लघवीतही थोडं प्रोटीन येतं. रिलॅप्स म्हणजे लागोपाठ तीन दिवस सकाळच्या लघवीत तीन किंवा चार प्लस. सर्दीत वर गेलेलं प्रोटीन काही मुलांत आठवड्याभरात आपोआप उतरतं, म्हणून अंगावर सूज नसेल तर डॉक्टर कधी कधी आणखी थोडे दिवस थांबतात. हा निर्णय त्यांचा. तुम्ही तीन दिवसांचे आकडे घेऊन फोन करा. सूज असेल तर मात्र तीन दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कळवा.

८. सर्दी सुरू झाली की स्टेरॉइडचा डोस वाढवायचा, असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसऱ्यांनी नको म्हटलं. खरं कोणाचं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि दोघांकडेही आधार आहे.

दिल्लीच्या एम्समधल्या २०११ च्या अभ्यासात, एक दिवसाआड प्रेडनिसोलोन चालू असलेल्या मुलांना इन्फेक्शनच्या वेळी तोच डोस आठवडाभर रोज दिला, तेव्हा रिलॅप्स कमी झाले. श्रीलंकेतल्या अभ्यासांचाही कल तसाच होता. त्यामुळे इंडियन सोसायटी ऑफ पेडिआट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शनात, वारंवार रिलॅप्स होणाऱ्या आणि आधीच एक दिवसाआड गोळी चालू असलेल्या मुलांना ताप किंवा श्वसनमार्गाचं इन्फेक्शन झालं की पाच ते सात दिवस तोच डोस रोज देण्याची सूचना आहे.

मग २०२२ मध्ये ‘प्रेडनॉस-२’ ही ब्रिटिश चाचणी आली. ३६५ मुलं, त्यातल्या २७१ जणांना सर्दी झाली. निम्म्यांना सहा दिवस रोज प्रेडनिसोलोन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच ठाऊक नाही. रिलॅप्स ४२.७ टक्के विरुद्ध ४४.३ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाचा सूर ‘सगळ्यांना सरसकट देऊ नका’ असा झाला.

माझं मत विचाराल तर या दोन्ही गोष्टी एकमेकींना तितक्या छेद देत नाहीत. ज्या मुलाची गोळी बंद आहे किंवा ज्याला वर्षातून एखादाच रिलॅप्स येतो, त्याला प्रत्येक शिंकेला स्टेरॉइड देण्याला फारसा आधार उरलेला नाही. मुलाची उंची, हाडं, डोळे, वजन या सगळ्यांतून त्याची किंमत जाते. ज्याचा रिलॅप्स दर वेळी सर्दीमागूनच येतो आणि ज्याची एक दिवसाआड गोळी चालूच आहे, त्याच्याबाबत डॉक्टर आजही तो मार्ग निवडतात. तुमचं मूल यातलं कोणतं, हे सर्दी नसताना विचारून कागदावर लिहून घ्या. रात्री अकराला नाक गळत असताना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून डोस वाढवू नका.

पुणे सोडून ब्रिटनमध्ये लेस्टर किंवा बर्मिंगहॅमला गेलेल्या कुटुंबांना दोन्हीकडचे वेगळे सल्ले मिळतात ते यामुळेच. जिथे मुलाची फाइल आहे, तिथलं ऐका.

९. लवकर अँटिबायोटिक सुरू केलं तर रिलॅप्स टळेल का?

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. न्यूमोनिया, कानात पू, घशात स्ट्रेप्टोकोकस अशा वेळी मात्र उशीर करू नये, कारण नेफ्रोटिक मुलं जिवाणूंपुढे दुबळी असतात (प्र. १६).

१०. ताप-खोकल्याला घरात काय द्यायचं? सिरपमुळे मुलांच्या किडन्या गेल्याचं वाचलं, तेव्हापासून भीती वाटते.

भीती अनाठायी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साधा सर्दी-खोकला झालेल्या मुलांची लघवी बंद झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं. वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघालं. चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं याच विषाने गेली. मुंबईला तर हे नवं नाही: १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. हा प्रकार नेफ्रोटिकचा नाही, थेट विषबाधेचा आहे, आणि तो कोणत्याही निरोगी मुलाला होऊ शकतो.

दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा टाळायची, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. या औषधांनी खोकला लवकर बराही होत नाही. खोकल्याचं औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या आणि सुस्ती आली, तर बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

तापाला पॅरासिटामॉल, वजनानुसार. किडनीचा आजार असलेल्या मुलाला आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड देऊ नका. उरलेल्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत हीच नावं असतात, वाचून पाहा. अंगावर सूज नसेल तर कोमट पाणी, वरणाचं पाणी, पातळ सूप पोटभर. सूज असताना पाणी किती, हे डॉक्टर सांगतील. नाकात मीठपाण्याचे थेंब सगळ्यांना चालतात.

काढ्याबद्दल एक सांगतो. आलं, तुळस, गवती चहा यांचा पातळ चहा एखाद-दुसऱ्या वेळी चालेल. पण ज्येष्ठमध रोज देऊ नका: ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं, पोटॅशियम उतरवतं आणि स्टेरॉइडही तेच करतं. ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं आणि गुळवेल तर नकोतच. इथे आजारच प्रतिकारयंत्रणा भडकल्याने उलटतो. शिवाय गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

११. घसा बरा झाला, दहा दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी झाली. आता?

त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि बीपी मोजून घ्या. हा स्ट्रेप्टोकोकसनंतरचा नेफ्रायटिस असू शकतो. घशानंतर एक ते दोन आठवड्यांनी, तर त्वचेच्या इन्फेक्शननंतर तीन ते सहा आठवड्यांनी तो येतो. आपल्याकडे खरूज खाजवून पिकलेले फोड हे घशाइतकंच महत्त्वाचं कारण आहे, म्हणून डॉक्टर अंगावरचे डागही पाहतात.

धोका असतो पहिल्या आठवड्यात. लघवी कमी होते, बीपी चढतं, डोकं दुखतं, क्वचित आकडी (फिट) येते. फुप्फुसात पाणी साठून लागलेली धाप न्यूमोनिया समजून सलाइन लावलं जातं आणि मूल आणखी बिघडतं. त्यामुळे सुजलेल्या चेहऱ्याच्या मुलाला धाप लागली तर ‘लघवी लाल होती’ हे न विचारताही सांगा. बहुतेक सगळी मुलं पूर्ण बरी होतात. रक्तातलं सी-३ (या आजारात घटणारं प्रतिकारयंत्रणेतलं एक प्रोटीन) सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. झालं नाही तर निदान पुन्हा तपासावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त वर्षभरही रेंगाळू शकतं, त्याने घाबरू नये. इथे स्टेरॉइडचा कोर्स सहसा लागत नाही.

१२. मुलीला सर्दी झाली की दुसऱ्याच दिवशी लघवी लाल होते, मग आपोआप साफ. दोन-तीनदा झालं.

हे आयजीए नेफ्रोपॅथीचं ठरलेलं लक्षण आहे. बर्जे आणि अँग्ले या फ्रेंच डॉक्टरांनी १९६८ मध्ये पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन केलं. लघवी साफ झाली म्हणून विषय सोडू नका. मधल्या काळात लघवीत प्रोटीन जातं का आणि बीपी किती आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. खात्रीचं निदान बायोप्सीनेच होतं, पण प्रत्येक मुलाला ती लागत नाही.

१३. सर्दीनंतर पायांवर दाबल्यावरही न मावळणारे लाल ठिपके, गुडघे आणि पोट दुखतं. याचा किडनीशी संबंध आहे?

असू शकतो. याला हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा किंवा आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांत किडनीवर परिणाम होतो, पण तो बऱ्याचदा पुरळ गेल्यावर, काही आठवड्यांनी दिसतो. पुरळ उतरलं की लोक विसरतात, तिथेच चुकतं. सहा महिने लघवी आणि बीपी तपासत राहा. ठिपक्यांबरोबर जोराचा ताप आणि सुस्ती असेल तर तो वेगळा, तातडीचा आजार असू शकतो, लगेच रुग्णालय.

१४. टॉन्सिल काढून टाकले तर?

नेफ्रोटिकसाठी नाही. आयजीए नेफ्रोपॅथीसाठी जपानमध्ये हे बरंच करतात, इतरत्र कमी.

१५. शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं?

पाठवायचं. लघवीतून प्रोटीन जाणं थांबलेलं मूल इतर मुलांसारखंच आहे. वर्गात साथ असेल तर मास्क, डबा खाण्याआधी हात धुणं, आणि शिक्षकांना एवढं सांगून ठेवणं की शेजारच्या बाकावर कांजिण्या निघाल्या तर लगेच फोन करा (प्र. १७). घरात धूप, उदबत्ती आणि बिडी-सिगारेटचा धूर कमी केला तर खोकल्याच्या फेऱ्याही कमी होतात.

१६. रिलॅप्स चालू असताना ताप आला तर कधी धावायचं?

ताप आणि पोटदुखी एकत्र असेल तर वाट पाहायची नाही. पोटात साठलेल्या पाण्यात न्यूमोकोकससारखे जिवाणू वाढून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन) होतो. रिलॅप्समध्ये लघवीवाटे अँटिबॉडीही वाहून गेलेल्या असतात आणि स्टेरॉइडमुळे ताप फारसा चढतही नाही. धाप, हातपाय गार पडणं, लघवी अगदी कमी होणं, एकाच पायाला दुखरी सूज, असह्य डोकेदुखी, आकडी: ही सगळी त्याच रात्रीची कारणं.

उलट्यांमुळे प्रेडनिसोलोन पोटात राहत नसेल तर तेही याच यादीत घाला. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड अचानक तुटलं तर मूल कोसळू शकतं. गोळी जात नसेल तर इंजेक्शनने द्यावं लागतं.

१७. लसी कोणत्या द्यायच्या, कोणत्या नाहीत? आणि धाकट्या भावंडाचं काय?

न्यूमोकोकसची लस (पीसीव्ही) २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. कार्डावर ती आहे का पाहा. नेफ्रोटिक मुलांना वयाच्या दोन वर्षांनंतर त्याची दुसऱ्या प्रकारची लसही (पीपीएसव्ही-२३) देतात. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, घरातल्या मोठ्यांनाही. लसीनंतर रिलॅप्स येईल या भीतीने ती टाळू नका. फ्लूचा धोका त्याहून मोठा आहे.

जिवंत लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ) स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असताना द्यायच्या नाहीत. रोजचा मोठा डोस दोन आठवडे किंवा जास्त चालला असेल तर तो थांबल्यावर सहसा चार आठवडे थांबतात. कांजिण्यांची लस न झालेल्या मुलाचा या काळात रुग्णाशी संपर्क आला, तर पहिल्या चार दिवसांत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देता येतं. म्हणून तो फोन लगेच हवा, पुरळ दिसेपर्यंत थांबू नका.

भावंडांना गोवर आणि कांजिण्यांच्या लसी जरूर द्या. अडचण पोलिओच्या थेंबांची असते: ते घेतलेल्या बाळाच्या शीतून लसीचा विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. त्यामुळे घरात स्टेरॉइडवरचं मूल असेल तर धाकट्याला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यावं, असा सल्ला असतो. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या आशाताईंना हे कारण सांगा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. थेंब आधीच दिले गेले असतील तर धाकट्याचे लंगोट मोठ्या माणसानेच बदलायचे, हात साबणाने धुवायचे, आणि महिना-दीड महिना हे पाळायचं.